निर्मळ जठर

जठर धुताना ताई तोंडाने श्वास घ्यायची. नाकाने घेतला की आधी दारूचा वास यायचा, आणि दारूच्या मागून दुसरा एक, आंबट, कोमट, उघड्या पोटाचा. अठरा वर्षं झाली होती नोकरीला, पण त्या दुसऱ्या वासाशी तिचं काही जमलं नव्हतं.

प्रयोगशाळेत तिचं काम एकच. पांढऱ्या उंदरांची जठरं उघडायची आणि आतल्या जखमा मोजायच्या. उंदराला आदला दिवसभर उपाशी ठेवायचं. सकाळी टोकाला गोळी असलेल्या वाकड्या सुईने कुठल्या तरी झाडपाल्याचा अर्क त्याच्या पोटात सोडायचा. तासाभराने त्याच वाटेने कडक दारू. आणखी तासाभराने उंदीर संपवायचा. मग जठर कापून घ्यायचं, बाहेरच्या वळणाने कात्रीने उभं चिरायचं, मिठाच्या पाण्यात खळबळायचं आणि बुचाच्या फळीवर टाचण्या लावून पसरायचं, शिंपी खिसा उलटा करतो तसं. भिंगाखाली दारूने भाजलेल्या लालकाळ्या रेघा दिसत. त्या पट्टीने मोजायच्या आणि शून्य ते पाच गुण द्यायचे. शून्य म्हणजे निर्मळ, पाच म्हणजे चाळण. कोणत्या उंदराला अर्क मिळाला आणि कोणाला नुसतं पाणी, हे तिला कळू देत नसत, म्हणजे हात आखडता किंवा सैल सुटायला नको. पिंजऱ्यावर फक्त आकडा. जठर सोडून उरलेला सगळा उंदीर पिवळ्या पिशवीत जायचा. तो कोणी मोजत नसे.

गेली तीन वर्षं अर्क होता कांद्याच्या सालींचा. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते सांगायचे की झाडं ऊन, कीड असल्या छळापासून स्वतःला जपायला अंगात काही द्रव्यं तयार करतात, फ्लॅव्होनॉइड नावाची, आणि आपण फेकून देतो त्या सालीत ती गच्च भरलेली असतात. दारू पोटाच्या आतल्या अस्तराला जाळते, हे द्रव्य ती आग झेलतं. ताईला समजायचं ते एवढंच, की देवाने विषाच्या शेजारी उतारा ठेवलेला असतो, शोधणारा हवा. दर सोमवारी ती स्वतः पोतंभर साली उकळायची. तिची बोटं नखांपासून दुसऱ्या पेरापर्यंत पिवळी झाली होती आणि साबणाला दाद देत नव्हती.

आणि अर्क लागू पडत होता. नुसतं पाणी मिळालेल्या उंदराचं जठर चिरलं की काळपट रक्ताची साय वर यायची. पण मधूनच एखादं असं उघडायचं की ती भिंग बाजूला ठेवायची. गुलाबी, ओलसर, दात न आलेल्या बाळाच्या हिरडीसारखं. अशा वेळी ती देवाचे आभार मानायची. उंदीर मेलेला होता, हे खरं. पण त्याचं जठर किती देखणं होतं.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा आणि ही तेरा वर्षांची. कडेवर घेऊन तिनेच त्याला वाढवलं. झोपताना तो नाकातल्या नाकात गुणगुणायचा, म्हणून तिने त्याचं नाव भुंग्या ठेवलं, ते जन्माचं चिकटलं. आता चाळिशीला टेकला होता, लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, तरी लिफ्ट कंपनीचे लोकसुद्धा त्याला भुंग्याच म्हणत. कारागीर अव्वल. आणि दारुडाही अव्वल.

शपथा झाल्या. रुसवे झाले. त्याच्या बायकोने माहेरी जाऊन पाहिलं, महिन्याने तीच परत आली. ताईने तर त्याच्यापुढे अन्न सोडलं होतं चार दिवस. पाचव्या दिवशी तो शुद्धीवर आला आणि तिला विचारू लागला की तू अशी वाळलीस का. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्याला थांबवणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे त्याचं पोट. चार दिवस पिणं झालं की पाचव्या दिवशी असं जळायचं की तो गुडघे छातीशी घेऊन मोरीजवळ पडायचा. मग आठवडाभर थेंब नाही. पोट शांत झालं की पुन्हा सुरू.

मागच्या वर्षी एकदा तिच्या देखत त्याने ओकारी काढली. तपकिरी, दाणेदार, चहाच्या चोथ्यासारखी. तिने ती पुसली. पुसताना तिला कळलं की हे आपण रोज पाहतो ते आहे. फक्त फळीवर नाही, फरशीवर आहे. दवाखान्यात नळी घालून तपासलं तेव्हा पोटात पाच जखमा निघाल्या. डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितलं, तसं ते सगळेच सांगतात.

त्या रात्री तिने विचार केला तो साधा होता, आणि प्रेमाचा होता. सुटत नाही तर निदान जळू तरी नये. दुसऱ्या दिवशी तिने भाजीवाल्याकडून सालींची पिशवी मागून आणली, साली घरी उकळल्या, काढा गाळून बाटलीत भरला आणि भावाच्या हातात दिला. दारूच्या आधी बरोबर एक तास घ्यायचा, असं बजावून सांगितलं. उंदरांना तसाच देतात.

ज्या बाईने वीस वर्षं भावाला पिऊ नको म्हणून सांगितलं, तिने त्याला पिण्याचं वेळापत्रक लावून दिलं. भुंग्या कशातच वक्तशीर नव्हता, यात झाला. फोनमध्ये गजर लावला. गजर वाजला की तो म्हणायचा, ताईची आरोळी आली, आणि काढा घटाघटा घ्यायचा. तासाभराने बाटली.

ताईने एक छोटी वही केली. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, आज पोट किती? तो शून्य ते पाचमध्ये सांगायचा. पहिल्या आठवड्यात तीन, दोन. मग एक. मग शून्य, शून्य, शून्य. पान भरून शून्यं झाली तेव्हा तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं परक्या उंदरांसाठी केलं, आज घरच्याला उपयोग झाला, असं तिने शेजारणीलाही सांगितलं.

भावजय मात्र खूश नव्हती. ती घरीच शिवणकाम करायची आणि बोलायची कमी. एक दिवस तोंडात टाचण्या धरूनच तिने विषय काढला. पूर्वी चार दिवस पिणं आणि आठ दिवस सुट्टी असायची, आता सुट्टीच नाही. पूर्वी संध्याकाळी, आता दुपारीही. पोट दुखत नाही म्हणून जेवतो आणि जेवतो म्हणून जास्त पचवतो. मग टाचण्या काढून ती म्हणाली, "वन्सं, रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय. तुम्ही त्याचं पोट बरं केलंत. त्याला केलंत का?"

ताईला राग आला. अस्तर बरं झालं की माणूस बरा होतो, एवढं तिला कळत होतं. या बाईने कधी जठर पाहिलं होतं का? तिने तसं म्हणूनही दाखवलं. भावजयीने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. तिघे उभे होते. भुंग्याच्या बैठकीतले. एकाच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरा फेस वाळलेला, दुसऱ्याच्या शर्टाला कालच्या जेवणाचा डाग, तिसऱ्याला उभं राहता येत नव्हतं म्हणून तो दाराच्या चौकटीला गालाने टेकला होता. तिघांच्या हातात रिकाम्या बाटल्या. ताईंचा काढा हवा, म्हणाले. भुंग्या दोन दोन पेले जास्त घेतो आणि सकाळी ताजातवाना, आम्हीच काय पाप केलं. चौकटीवाला तर हात जोडून म्हणाला, "तुम्ही आमची आई आहात." बोलताना त्याची थुंकी तिच्या मनगटावर उडाली. तिने दार लावलं, नळाखाली मनगट धरलं, साबण लावला, पुन्हा लावला. वास जाईना. तो बाहेरचा नव्हताच बहुतेक. आपण कोणाची आई झालो, हे मनात येऊन तिला भडभडून आलं, पण बाहेर काही पडलं नाही.

तरी काढा बंद केला नाही. वहीत शून्यं होती. आकडा खोटं बोलत नाही, हे ती अठरा वर्षं शिकली होती.

त्याच महिन्यात भुंग्याचे डोळे पिवळसर दिसू लागले. आधी कडांना, मग सगळेच. भावजयीने विचारलं तर ताईने हसून स्वतःची बोटं पुढे केली. हे बघ, म्हणाली, मी नुसता हात लावते तर माझं हे होतं, तो तर पितो. रंग अंगात मुरतोय, म्हणजे औषध मुरतंय. भावजयीने तिच्या बोटांकडे पाहिलं आणि पुन्हा शिवायला घेतलं. शिकलेल्या माणसाशी काय बोलायचं.

प्रयोगशाळेत तेव्हा नवा प्रयोग संपत आला होता. आधीचे सगळे एका दिवसाचे. हा दोन महिन्यांचा. उंदरांना रोज अर्क, रोज दारू, आणि शेवटी जठर. मोठे सर आनंदात होते. एक औषध कंपनी येणार होती, गोळी काढायचा विचार होता, जेवणाच्या टेबलावर ठेवता येईल अशी. सकाळपासून ताईने नऊ जठरं उघडली होती. त्यात सहा गुलाबी.

पिंजरे सांभाळणारे म्हातारे मामा पुढचा उंदीर घेऊन आले. मामांना लिहिता वाचता बेताचंच येई, पण कोणता उंदीर उजव्या कुशीवर झोपतो तेही त्यांना ठाऊक असायचं. उंदीर ट्रेमध्ये ठेवताना ते पुटपुटले की याचे कान बघा कसे झालेत. पांढऱ्या उंदराचे कान पातळ, उजेडात गुलाबी दिसणारे. याचे हळदीसारखे होते. पंजेही.

ताई म्हणाली, अर्काचा रंग आहे तो मामा. आणि सवयीने बोटं दाखवली.

मामांनी मान हलवली. "मग शेजारच्या पिंजऱ्यातल्यांचे का नाहीत? त्यांना अर्कच देतो मी. नुसता. दारू नाही. दोन महिने झाले, कान गुलाबाच्या पाकळीसारखे आहेत."

तिने कानांवर हात ठेवले. कोणाला काय देता ते मला सांगायचं नसतं, मोजणी बिघडते, हे तिने त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण आता ऐकून झालं होतं, आणि ऐकलेलं धुता येत नाही.

तिने जठर काढलं, चिरलं, धुतलं, पसरलं. निर्मळ. एकही रेघ नाही. शून्य लिहायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. मामांनी उरलेला उंदीर पिशवीत टाकायला घेतला होता. ती म्हणाली, थांबा. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने चीर वर नेली, बरगड्यांपर्यंत.

यकृत गडद लाल असतं, ताजं, चकचकीत. हे फिकट पिवळं होतं, फुगलेलं, मेणचट. कात्रीचं टोक लागलं तर ते फाटलं नाही, चिखलासारखं बसलं. टोकावर चरबी चिकटली. तिने ती कापसाने पुसली, कापूस तेलकट झाला. आणि त्याच्याच शेजारी, बुचाच्या फळीवर, टाचण्यांनी ताणलेलं ते सुंदर गुलाबी जठर. तिला रक्ताची किळस यायची, पुवाची यायची, ओकारीची यायची. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा तिला निरोगी जठराची किळस आली. ते तिच्याकडे निर्लज्जासारखं बघत होतं, आत सगळं सडत असताना दारात रांगोळी घालून बसलेल्या घरासारखं. ती बेसिनकडे धावली आणि यावेळी पडलं, सकाळचं सगळं.

मामा पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले.

तिने अर्धी रजा टाकली आणि बस धरली. भुंग्या त्या दिवशी एका दहा मजली इमारतीत होता. लिफ्ट बंद, त्यामुळे ती जिन्याने चढली. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत तो चाकांना तेल घालत गुणगुणत बसला होता, बाजूला पाण्याची बाटली, जिच्यात पाणी नव्हतं. दुपारचा एक वाजला होता. त्याने तिला पाहिलं आणि त्याला खरोखर आनंद झाला. तो तसाच होता, कायम. बस म्हणाला, आपलं काम दाखवतो. धापा टाकत असलेल्या बहिणीला त्याने वरचं छोटं चाक दाखवलं. लिफ्ट भलत्या वेगाने खाली यायला लागली की हे चाक ते ओळखतं आणि डबा जागच्या जागी जखडतं. लोक वैतागतात, मध्येच अडकतो म्हणतात. परवा इमारतीचा सेक्रेटरीच म्हणाला, ते काढूनच टाका ना.

"मग?" तिने विचारलं.

"मी बरा काढीन," भुंग्या म्हणाला. "पिलेला असलो तरी वेडा नाही गं."

तिने त्याला खिडकीशी ओढलं आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी खेचली, पिंजऱ्यातल्याची खेचतात तशी. उन्हात पाहिलं. ते पिवळं तिच्या बोटांचं पिवळं नव्हतंच. बोटांचं कोरडं होतं, मातीसारखं. हे ओलं होतं, आतून पाझरणारं. त्याच्या श्वासाला दारूखाली गोडसर कुजका वास होता, सडक्या फळासारखा. हा वास तिला ओळखता यायला हवा होता. पण तिने इतकी वर्षं तोंडाने श्वास घेतला होता.

"तुझं चाक मी काढलं रे," ती म्हणाली. "पोट दुखायचं तेच तुझं चाक होतं."

त्याला समजलं नाही. तो म्हणाला, पण आता दुखत नाही ना, मग कशाला रडतेस.

सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात त्याला आठवडाभर ठेवलं. तरुण डॉक्टरीण होती, चष्म्यामागे डोळे जागरणाने लाल. कागद चाळून ती गोंधळली. पोटातल्या जखमा वर्षापूर्वीच्या, त्या जवळपास भरल्यात. यकृत मात्र एवढ्या कमी काळात एवढं कसं खराब झालं? इतकं पिऊन याचं पोट दुखलं कसं नाही? तिने हे भावजयीला विचारलं. भावजयीने पदराचा काठ चिमटीत धरला आणि ताईकडे पाहिलं. सांगायची संधी तिने ताईला ठेवली, एवढं मोठं मन त्या बाईचं.

ताईने सांगितलं. काढा कुठला, किती, कधी, किती महिने. पिवळा रंग पाहूनही दिला, तेही. वही पुढे केली. डॉक्टरीण पानभर शून्यं वाचत राहिली. मग तिने विचारलं, तुम्ही कुठे काम करता? तेही सांगितलं. डॉक्टरीण रागावली नाही. ती म्हणाली की काढ्याने यकृत बिघडलं असं मी म्हणणार नाही, ते दारूने बिघडलं; आता थेंब न घेतला तर यकृत मोठं सोशिक असतं, सावरेलही. घेतली तर वर्ष काढेल असं वाटत नाही. काढा आजपासून बंद. पोट जळेल ते जळू द्या.

प्रयोगशाळेत ताईने त्या उंदराच्या कागदावर शून्य लिहिलं, कारण ते खरं होतं. खाली, जिथे कधी कोणी काही लिहीत नाही, तिथे यकृताबद्दल चार ओळी लिहिल्या आणि मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवल्या. सर कपाळाला आठ्या घालून म्हणाले की आपला विषय जठर आहे. ती म्हणाली, उंदराचा नाही ना पण. त्यावर त्यांनी तो कागद पुन्हा वाचला, आणि मग मामांना बोलावून उंदरांच्या पिवळ्या पिशव्या यकृतं तपासायला बाहेर काढायला सांगितलं.

भुंग्या घरी आला. बारा दिवस त्याने हात लावला नाही. तेराव्या दिवशी दुपारी भावजयीचा फोन आला, आणि ताई गेली तेव्हा तो मोरीजवळ गुडघे छातीशी घेऊन पडला होता. दोन पेलेच घेतले होते. पूर्वी तेवढ्याने त्याचं काही झालं नसतं. आता पोट कोरं होतं, दारूच्या आड काढा नव्हता. शर्ट आंबट भिजलेला, केसांत ओकारी, ओठांवरून लाळेचा धागा लोंबत होता. भावजय पाण्याची बादली भरून आणत होती. आधी तिने ताईला वाट करून दिली.

"ताई," तो म्हणाला, "एक घोट. काढ्याचा. आग आग होतेय."

ती खाली बसली, त्या ओलीतच, आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. नाही म्हणाली.

तो रडायला लागला. मग चिडला. दात आवळून म्हणाला, "उंदरांना देतेस. रोज देतेस. मला नाही?"

"उंदरांना देते," ताई म्हणाली, "कारण दुपारी त्यांना मारायचं असतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. काही म्हणणार होता, पण पोटात पीळ आला आणि तो पुन्हा वाकला. तिच्या साडीवर, हातांवर, कोमट, आंबट. ओकारीचा वास तिच्या नाकात गेला, तिने तो जाऊ दिला. किळस येतच होती. किळस काही मायेने जात नाही, नुसती तिच्या शेजारी बसते. भावजयीने बादली ठेवली, फडकं पिळलं आणि नवऱ्याचं तोंड पुसलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "किती दिवस असं दुखेल?"

"पीत राहिलास तर जन्मभर," भावजय म्हणाली, आणि फडकं पुन्हा बादलीत बुडवलं.

तो डोळे मिटून पडला. ताई ओठातल्या ओठात देवाला सांगत होती, दुखू दे. याचं चांगलं दुखू दे.